उपग्रहाचे हजारो आकडे, मोबाईलवर एकच रंग: मधले काय गाळले जाते?

उपग्रह किंवा ड्रोनच्या प्रतिमेत शेतातील प्रत्येक ठिकाणासाठी दहा-बारा, तर काही यंत्रांत दोनशेहून अधिक आकडे नोंदलेले असतात. शेतकऱ्याच्या मोबाईलवर मात्र हिरवा, पिवळा, लाल असा एक नकाशा येतो. या दोन टोकांच्या मधे आकड्यांची मोठी गाळणी झालेली असते. गाळणीत काय राहिले आणि काय गेले, हे कळल्याशिवाय त्या रंगावर युरियाचे पोते फोडणे महागात पडू शकते. ही गाळणी कशी होते आणि शेतकरी, विस्तार कर्मचारी यांनी तिचा अर्थ कसा लावावा, याची माहिती या लेखात घेऊ.

एका हेक्टरमागे किती आकडे?

सध्या शेतीसाठी सर्वाधिक वापरली जाणारी मोफत प्रतिमा युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची आहे. यातील पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये, तर दुसरा मार्च २०१७ मध्ये सोडला गेला. दोन उपग्रह मिळून एकाच ठिकाणावरून साधारण पाच दिवसांनी फेरी होते. त्यावरील कॅमेरा प्रकाशाचे १३ वेगवेगळे पट्टे मोजतो. डोळ्यांना दिसणारे निळा, हिरवा, लाल हे त्यातील तीनच. बाकीचे निकट अवरक्त, लघुतरंग अवरक्त असे आपल्या डोळ्यांना न दिसणारे प्रकाश आहेत. चार पट्ट्यांची चौकट (पिक्सेल) १० मीटर बाय १० मीटर, सहा पट्ट्यांची २० मीटर आणि उरलेल्या तीन पट्ट्यांची ६० मीटर आहे. ६० मीटरचे तीन पट्टे मुख्यतः हवेतील धूलिकण, बाष्प आणि विरळ ढग ओळखण्यासाठी असल्याने पिकासाठी कामाचे दहाच पट्टे उरतात.

एका हेक्टरमध्ये १० मीटरच्या १०० चौकटी बसतात, एकरात सुमारे ४०. दहाही पट्टे याच चौकटीवर आणले, तर एका फेरीत हेक्टरी १,००० आकडे मिळतात. १५० दिवसांच्या खरीप पिकावर ३० फेऱ्या धरल्या, तर एका हेक्टरचे ३०,००० आकडे झाले. जुलै-ऑगस्टमधील ढगांमुळे त्यातील बऱ्याच फेऱ्या वाया जातात, तरी उरलेले आकडेही वहीत मांडून वाचण्यासारखे नसतात.

हा झाला साधा कॅमेरा. हायपरस्पेक्ट्रल म्हणजे अतिसूक्ष्म पट्ट्यांच्या कॅमेऱ्यात हाच प्रकाश दोनशेहून अधिक अरुंद पट्ट्यांत मोजला जातो. इटलीचा प्रिस्मा (२०१९) आणि जर्मनीचा एनमॅप (२०२२) हे उपग्रह अशा प्रतिमा घेतात. इस्रोने नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेला हायसिस हाही याच प्रकारचा.

जास्त आकडे म्हणजे जास्त माहिती नव्हे

सोयाबीनच्या प्रयोगाची नोंदवही पाहिलेल्या कोणालाही ही गोष्ट पटेल. आपण पन्नास झाडांची उंची, फांद्या, पानांची संख्या, पानांचे क्षेत्रफळ आणि कोरडे वजन अशी पाच मापे घेतो. पण जे झाड उंच, त्याला बहुधा फांद्याही जास्त, पानेही जास्त आणि वजनही जास्त. पाच रकाने भरले तरी आपण एकच गोष्ट पाच वेळा लिहिलेली असते, ती म्हणजे झाडाची वाढ. या पाच रकान्यांऐवजी ‘वाढ’ असा एकच रकाना केला, तर फारसे काही हरवत नाही.

प्रकाशाच्या पट्ट्यांचे तसेच आहे. ६६० नॅनोमीटरला पानाने किती लाल प्रकाश परत पाठवला, हे कळले की ६७० नॅनोमीटरचा आकडा जवळपास सांगता येतो. दोनशे पट्ट्यांतील शेजारी-शेजारी पट्टे एकमेकांची नक्कलच असतात. त्यामुळे आकडे कमी करणे ही केवळ संगणकाची सोय नाही.

याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेतील संशोधक ह्यूजेस यांनी १९६८ मध्ये गणिताने एक गोष्ट दाखवली. ओळख पटवण्यासाठी हाती असलेले नमुने तेवढेच ठेवून मोजमापे वाढवत गेले, तर अचूकता आधी वाढते आणि एका मर्यादेनंतर घटू लागते. म्हणजे तालुक्यातील फक्त ४० शेतांवर जाऊन ‘इथे कापूस, इथे तूर’ अशी खात्री केली असेल आणि यंत्राला प्रत्येक शेताचे २०० आकडे दिले, तर यंत्र पीक शिकण्याऐवजी त्या ४० शेतांच्या योगायोगाच्या खुणा पाठ करते. एकेचाळिसाव्या शेतावर मग ते फसते. आपल्याकडे प्रत्यक्ष पाहणी केलेल्या शेतांची संख्या नेहमीच तोकडी असते, म्हणून ही अडचण आपल्याला जास्त लागू होते.

आता नोंदवहीकडे परत येऊ. त्या पन्नास झाडांपैकी तीन झाडांवर पिवळा मोझॅक आला आहे. उंची आणि फांद्या इतरांसारख्याच आहेत, फक्त शेंड्याकडील पाने पिवळी पडली आहेत. ‘वाढ’ या एका रकान्यात ही तीन झाडे इतरांसारखीच दिसतील. आकडे कमी झाले, मापे बहुतांश टिकली, पण ज्या गोष्टीसाठी शेतात जायला हवे होते, तीच गळून गेली.

सर्वांत परिचित गाळणी: एनडीव्हीआय

जुलै १९७२ मध्ये अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. त्याच्या प्रतिमा वापरून टेक्सासमधील राऊज आणि सहकाऱ्यांनी तेथील विस्तीर्ण गवताळ मैदानांचा हिरवेपणा मोजण्यासाठी एक सूत्र वापरले. तेच आजचे एनडीव्हीआय. निकट अवरक्त प्रकाशातून लाल प्रकाश वजा करायचा आणि त्या दोन्हींच्या बेरजेने भागायचे. निरोगी हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि निकट अवरक्त मोठ्या प्रमाणात परत पाठवते. अवरक्त ४५ टक्के आणि लाल ५ टक्के परत आला, तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८० हा आकडा मिळतो. विरळ पिकात अवरक्त ३० आणि लाल १५ असेल, तर १५ भागिले ४५, म्हणजे ०.३३.

दहा पट्ट्यांतील आठ बाजूला ठेवून उरलेल्या दोहोंचा एक आकडा केला. एवढी कडक गाळणी असूनही हे सूत्र पन्नास वर्षे टिकले, कारण हिरव्या पानाची मुख्य खूण याच दोन पट्ट्यांत आहे. मात्र त्याच्या दोन उणिवा आपल्याकडे रोज भेटतात.

पहिली उणीव जमिनीची. समजा पिकाने अर्धी जमीन झाकली आहे आणि अर्धी उघडी आहे. पानातून अवरक्त ४५ आणि लाल ५ टक्के परत येतो. एका शेतात खाली ओली काळी माती आहे (अवरक्त ८, लाल ६), तर दुसऱ्यात कोरडी मुरमाड जमीन आहे (अवरक्त ३०, लाल २५). पहिल्या शेताच्या चौकटीत सरासरी अवरक्त २६.५ आणि लाल ५.५ मोजला जाईल. दुसऱ्यात अवरक्त ३७.५ आणि लाल १५. एनडीव्हीआय काढला तर काळ्या जमिनीचा ०.६६ आणि मुरमाड जमिनीचा ०.४३. पीक सारखेच, वाढ सारखीच, तरीही एक शेत हिरवे आणि दुसरे पिवळे दिसेल. पेरणीनंतरच्या पहिल्या महिना-सव्वा महिन्यात पीक दाटलेले नसते, तेव्हा हा दोष सर्वांत जास्त असतो. एकाच शेताचा वरचा भाग मुरमाड आणि खालचा भाग काळा असेल, तर वरच्या भागाला खत कमी पडले, असा चुकीचा निष्कर्ष सहज निघतो.

दुसरी उणीव दाट पिकाची. पीक पूर्ण झाकले गेले की लाल प्रकाश जवळपास सगळाच शोषला जातो. त्यानंतर पाने आणखी वाढली, तरी एनडीव्हीआय फारसा हलत नाही. मोठ्या बांधणीनंतरचा ऊस घ्या. चांगला फड आणि उत्तम फड यांत टनेजचा मोठा फरक पडतो, पण नकाशावर दोन्ही सारखेच गडद हिरवे. अशा वेळी रेड एज, म्हणजे लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरील साधारण ७०० ते ७४० नॅनोमीटरचा पट्टा उपयोगी पडतो. हा पट्टा दाट पिकातही हरितद्रव्याच्या फरकाला प्रतिसाद देतो. सेंटिनेल-२ मध्ये तो आहे, पण बहुतेक मोफत नकाशांत वापरलेला नसतो.

चार पट्ट्यांची टोपी

वरच्या उदाहरणात भागाकार करण्याऐवजी फक्त बेरीज आणि वजाबाकी करून पाहू. काळ्या जमिनीच्या चौकटीत अवरक्त आणि लाल यांची बेरीज ३२, वजाबाकी २१. मुरमाड जमिनीत बेरीज ५२.५, वजाबाकी २२.५. वजाबाकी जवळपास सारखी आहे, कारण पीक सारखे आहे. बेरीज वेगळी आहे, कारण जमीन वेगळी आहे. एकाऐवजी दोन आकडे ठेवल्याबरोबर जमीन आणि पीक वेगळे झाले. माझ्या मते हा संपूर्ण विषय समजून घेण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

अमेरिकेतील कॉथ आणि थॉमस यांनी १९७६ मध्ये हीच कल्पना नीट बांधून मांडली. लँडसॅटच्या त्या वेळच्या चार पट्ट्यांचे त्यांनी चार नवे आकडे केले आणि त्यातील पहिल्या दोनांत बहुतांश माहिती मावते, हे दाखवले. पहिला उजळपणा, जो मुख्यतः जमीन सांगतो. दुसरा हिरवेपणा, जो पीक सांगतो. हे दोन आकडे कागदावर मांडले की उघड्या जमिनींचे ठिपके एका रेषेवर येतात. काळी जमीन रेषेच्या एका टोकाला, हलकी पांढरट जमीन दुसऱ्या टोकाला. पीक वाढू लागले की प्रत्येक ठिपका रेषेपासून वर सरकतो. पीक पूर्ण झाकले की सगळे ठिपके वर एका ठिकाणी जमतात, कारण आता खालची जमीन दिसतच नाही. पीक पिकून पिवळे पडले की ते पुन्हा खाली उतरतात. सगळे मिळून गोंडा लावलेल्या लोकरी टोपीसारखा आकार तयार होतो. म्हणून या पद्धतीला ‘टॅसल्ड कॅप’ असेच नाव पडले. पुढे १९८४ मध्ये क्रिस्ट आणि सिकोन यांनी नव्या लँडसॅटच्या सहा पट्ट्यांसाठी उजळपणा, हिरवेपणा आणि ओलेपणा असे तीन आकडे दिले. ओलेपणा मुख्यतः लघुतरंग अवरक्त पट्ट्यांवरून निघतो, कारण पाणी हा प्रकाश शोषते.

पिकाचा ताण हिरवेपणात दिसण्याआधी अनेकदा ओलेपणात दिसतो. त्यामुळे पावसाच्या खंडात एनडीव्हीआयवर थांबून राहण्यापेक्षा ओलेपणाचा नकाशा मागावा.

पीसीए: गाळणी ठरवायचे काम आकड्यांवरच सोपवले तर

कॉथ-थॉमस यांनी आकड्यांना शेतीचा अर्थ दिला होता. पट्टे दोनशे असतील, तर असा अर्थ हाताने लावत बसणे अशक्य असते. तेव्हा प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे मुख्य घटक विश्लेषण ही पद्धत वापरतात. तिचे मूळ कार्ल पिअर्सन यांच्या १९०१ च्या आणि हॅरोल्ड हॉटेलिंग यांच्या १९३३ च्या कामात आहे. तिचा नियम एकच: सगळ्या चौकटींमध्ये ज्या दिशेने सर्वाधिक फरक दिसतो, तो पहिला घटक. त्याच्याशी अजिबात संबंध नसलेल्या फरकांत जो सर्वांत मोठा, तो दुसरा. असेच पुढे. शेवटचे घटक जवळपास रिकामे असतात, ते टाकून द्यायचे.

याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण शेतीचेच आहे. जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील शेतांवरून नासाच्या विमानातून एव्हिरिस नावाच्या कॅमेऱ्याने प्रतिमा घेतली. पर्ड्यू विद्यापीठातील डेव्हिड लँडग्रीब यांच्या गटाने ती शेतांच्या नोंदींसह सर्वांना खुली केली. ‘इंडियन पाइन्स’ या नावाने ती ओळखली जाते. १४५ बाय १४५ चौकटी, प्रत्येक चौकट २० मीटरची आणि २२० पट्टे. म्हणजे एका लहानशा परिसराचे ४६ लाखांहून अधिक आकडे. हवेतील बाष्प ज्या पट्ट्यांचा प्रकाश गिळून टाकते, असे २० पट्टे काढले की २०० उरतात. त्यावर पीसीए केले, तर एकूण फरकाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पहिल्या तीन घटकांतच येतो. दोनशेचे तीन!

ही टक्केवारी ऐकून काम झाले असे वाटते. पण त्या प्रतिमेत शेते काय होती, ते पाहू. १६ प्रकारांपैकी तीन प्रकार मक्याचे आणि तीन सोयाबीनचे होते. बिनमशागत, कमी मशागत आणि पूर्ण मशागत यांसारख्या फरकांवर ते पाडलेले होते. जूनमधील ती पिके अगदी कोवळी होती. चौकटीत पीक थोडे आणि माती, मागच्या पिकाचे काड जास्त. सर्वांत मोठा फरक अर्थातच माती, काड, झाडी आणि गवत यांच्यातला होता. मका आणि सोयाबीन यांच्यातला फरक त्यापुढे किरकोळ होता, त्यामुळे तो मागच्या घटकांत जाऊन पडतो. केवळ पहिले तीन घटक ठेवणाऱ्याला नव्वद टक्के फरक मिळतो, पण मका कुठे आणि सोयाबीन कुठे, हे ओळखताना अडखळायला होते. म्हणूनच या प्रतिमेवर काम करणारे सहसा तीनवर न थांबता बरेच अधिक घटक ठेवतात.

पीसीए ‘फरक किती मोठा’ एवढेच पाहते. फरक शेतकऱ्याच्या कामाचा आहे का, हे तिला कळत नाही. मोझॅकची तीन झाडे, शेताच्या कोपऱ्यातील हुमणीचा चट्टा, लोहाच्या कमतरतेची एक पट्टी या सगळ्या गोष्टी सुरुवातीला क्षेत्राने लहान असतात, म्हणून फरकानेही लहान. नेमक्या याच वेळी त्यांच्यावर उपाय स्वस्तात होतो.

त्याच प्रतिमेत ओट पिकाच्या केवळ २० चौकटी आहेत. २० मीटरच्या २० चौकटी म्हणजे ८,००० चौरस मीटर, साधारण दोन एकर. इंडियानाच्या शेतीत दोन एकर म्हणजे बांधावरचा तुकडा. आपल्याकडे ते एका कुटुंबाचे संपूर्ण शेत असते. त्यांच्याकडे जे गळून गेले तरी चालते, ते आपल्याकडे गळून चालत नाही. शिवाय सध्याच्या हायपरस्पेक्ट्रल उपग्रहांची चौकट साधारण ३० मीटरची आहे. एकरात अशा जेमतेम साडेचार चौकटी बसतात आणि त्यातील बहुतेकांत बांध, शेजाऱ्याचे पीक किंवा झाडाची सावली मिसळलेली असते.

या दोषावर उपाय झालेले आहेत. १९८८ मध्ये ग्रीन आणि सहकाऱ्यांनी घटकांची क्रमवारी एकूण फरकाऐवजी खऱ्या संकेताच्या आणि यंत्राच्या गोंगाटाच्या प्रमाणावर लावण्याची पद्धत दिली. ओळखलेल्या शेतांच्या आधारे ‘कापूस आणि तूर वेगळे दिसतील’ अशीच दिशा शोधणाऱ्या पद्धतीही आहेत. तिसरा मार्ग म्हणजे घटक न बनवता दोनशेपैकी अर्थ ठाऊक असलेले आठ-दहा पट्टेच निवडणे. शेतात सल्ला द्यायचा असेल, तर मला हा तिसरा मार्ग जवळचा वाटतो. ७२० नॅनोमीटरच्या आकड्याबद्दल मी शेतकऱ्याशी हरितद्रव्यावर बोलू शकतो. ‘चौथा घटक उणे दोन आला’ याचे शेतात काय करायचे?

स्वतः पीसीए करणाऱ्यांसाठी

क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरवर आता अनेक विस्तार कर्मचारी आणि कृषी पदवीधर असे विश्लेषण स्वतः करतात. त्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात.

गणितात कोणत्या चौकटी घेतल्या, त्यावर सगळे अवलंबून असते. संपूर्ण प्रतिमा घेतली, तर पहिला घटक पाझर तलाव, गावठाण, रस्ते आणि पडीक जमीन यांच्यातला फरक सांगण्यात खर्च होतो. आधी फक्त आपल्या पिकाची शेते कापून घ्यावीत, मग विश्लेषण करावे. म्हणजे पहिल्या दोन-तीन घटकांत पिकातला फरक येण्याची शक्यता वाढते.

दोन तारखांचे घटक एकमेकांशी ताडून पाहू नयेत. ५ सप्टेंबरचा दुसरा घटक आणि १५ सप्टेंबरचा दुसरा घटक हे वेगवेगळ्या पट्ट्यांपासून बनलेले असू शकतात. इतकेच काय, अधिक-उणे चिन्हही उलटू शकते आणि कालचे हिरवे आज लाल दिसते. तारखांची तुलना करायची असेल, तर एनडीव्हीआय किंवा टॅसल्ड कॅप अशी ठरलेल्या सूत्राची मापे वापरावीत.

आणि पट्ट्यांबरोबर तापमान, पाऊस, मातीचा सामू असे वेगळ्या एककांतले रकाने जोडत असाल, तर सगळे रकाने आधी एका मापात आणावेत. नाही तर ज्या रकान्यातले आकडे मोठे, तोच पहिला घटक बळकावतो. पाऊस मिलिमीटरमध्ये लिहिला की तो सर्वांत महत्त्वाचा आणि मीटरमध्ये लिहिला की नगण्य, असा विनोद होतो.

रंग कशाच्या तुलनेत लाल?

शेवटची गाळणी रंगांची असते, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक पैसा याच ठिकाणी वाया जातो. अनेक अ‍ॅप शेतातील सर्वांत कमी आकड्याला लाल आणि सर्वांत जास्त आकड्याला गडद हिरवा रंग देतात. शेतातील एनडीव्हीआय ०.७१ ते ०.७९ असेल, तर संपूर्ण शेत चांगले आहे. तरीही ०.७१ चा भाग लालभडक दिसेल. लाल म्हणजे येथे ‘वाईट’ नव्हे, तर ‘तुमच्याच शेतात सर्वांत मागे’.

दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यात एका सोयाबीन उत्पादकाने मला मोबाईलवर असाच लाल चट्टा दाखवला होता. युरियाच्या दोन बॅगा बांधावर आणून ठेवल्या होत्या. आम्ही दोघे त्या भागात चालत गेलो. शेताचा तो सखल कोपरा होता, चार-पाच दिवसांपूर्वीच्या पावसाचे पाणी मुरलेले नव्हते, झाड उपटले तर मुळांवरच्या गाठी काळपट आणि मऊ पडलेल्या. तेथे गरज होती पाणी काढून देणाऱ्या चराची. मुळे गुदमरलेली असताना टाकलेला युरिया झाडाला मिळालाच नसता. शिवाय सोयाबीन हे द्विदल पीक आहे. त्याला नंतर वरून युरिया देण्याने कायिक वाढ आणि रसशोषक किडी वाढतात.

पिवळेपणाची कारणे अनेक असतात. पाणी साचणे, चुनखडीयुक्त जमिनीतील लोहाची कमतरता, पिवळा मोझॅक, नत्राची कमतरता. या सगळ्यांत एनडीव्हीआय घटतो. एक आकडा चार कारणे वेगळी करू शकत नाही. शेतात गेल्यावर मात्र ती पाच मिनिटांत वेगळी होतात. लोहाच्या कमतरतेत कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. नत्राच्या कमतरतेत आधी खालची जुनी पाने फिकी होतात. मोझॅकमध्ये हिरवे-पिवळे अनियमित ठिपके दिसतात आणि पानाखाली पांढरी माशी सापडते. पाणी साचले असेल, तर ते पायांनाच कळते. मोझॅकची झाडे सुरुवातीलाच उपटून नष्ट करावीत, पिवळे चिकट सापळे लावावेत. लोहाची कमतरता असेल, तर माती परीक्षणानुसार फेरस सल्फेटची फवारणी किंवा जमिनीतून मात्रा द्यावी.

पीक विम्यातही हीच गाळणी

पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून उत्पादनाच्या अंदाजासाठी यस-टेक ही तंत्रज्ञानाधारित पद्धत आणली गेली. सुरुवात भात आणि गहू यांपासून झाली, पुढे सोयाबीनही आले. पीक कापणी प्रयोगांच्या जोडीला उपग्रह आणि इतर माहितीवरून काढलेल्या उत्पादनाला त्यात ३० टक्के भार दिला जातो. नकाशावरचा आकडा अशा रीतीने थेट नुकसान भरपाईत पोहोचतो.

आपल्याकडे प्रमुख पिकांसाठी विम्याचे क्षेत्र महसूल मंडळ असते. मंडळातील हजारो चौकटींचे शेवटी एक सरासरी उत्पादन होते. ओढ्याकाठच्या पाच गटांचे पीक वाहून गेले आणि बाकीचे मंडळ बरे असेल, तर ते पाच गट त्या सरासरीत दिसत नाहीत. पीसीएमध्ये ओटच्या वीस चौकटींचे जे होते, तेच येथे होते. म्हणून स्थानिक आपत्तीत मंडळाच्या आकड्याची वाट पाहू नये. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत वैयक्तिक पूर्वसूचना देण्याची तरतूद आपल्या हंगामात व जिल्ह्यात लागू आहे का, हे हंगामाच्या सुरुवातीलाच तालुका कृषी कार्यालयात विचारून ठेवावे. पीक कापणी प्रयोगांच्या वेळी शेतकऱ्यांनी प्लॉटवर हजर राहावे. उपग्रहाची गणिते ज्या प्रत्यक्ष आकड्यांवर तपासली जातात, ते आकडे तेथेच तयार होतात.

नकाशा हाती आल्यावर

सल्ला देणाऱ्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत. प्रतिमा कोणत्या तारखेची आहे? ढगामुळे मधली प्रतिमा नसेल, तर काही सेवा जुनीच प्रतिमा पुढे ओढतात किंवा दोन तारखांच्या मधला आकडा अंदाजाने भरतात. नऊ दिवसांपूर्वीच्या नकाशावर आज फवारणी ठरवू नये. चौकट किती मीटरची आहे? अर्ध्या एकराच्या तुकड्यात १० मीटरच्या वीसच चौकटी असतात आणि कडेच्या सर्व चौकटींत बांध मिसळलेला असतो. त्यामुळे कडेचा लाल पट्टा बहुतेक वेळा सोडून द्यावा. कोणते पट्टे वापरले? फक्त लाल आणि अवरक्त असेल, तर दाट उसात आणि विरळ कोवळ्या पिकात त्यावर कमी भिस्त ठेवावी. आणि रंगांची पट्टी शेतापुरती आहे की सर्व शेतांसाठी एकच? लाल भागाचा प्रत्यक्ष आकडा मागून घ्यावा.

नकाशाचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे कुठे चालत जायचे, हे ठरवणे. पाच एकरांत सगळीकडे फिरण्याऐवजी दोन लाल आणि एक हिरवी जागा निवडावी. तिन्ही ठिकाणी दोन-दोन झाडे मुळासकट उपटून शेजारी ठेवून पाहावीत आणि जागेचा, तारखेसह फोटो काढून ठेवावा. तीन-चार प्रतिमांत तोच भाग सतत मागे दिसत असेल, तर कारण बहुधा जमिनीत असते. हंगाम संपल्यावर तेथील मातीचा नमुना वेगळा काढून तपासून घ्यावा, बाकी शेताच्या नमुन्यात मिसळू नये.